दुकानाचे दार आणि घटनेचे कलम

वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांनी सामाईक संडासासमोर डबा घेऊन रांगेत कधी उभे राहून पाहिले नाही, त्यांनी चाळ संस्कृतीचे गोडवे गाऊ नयेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात उभारल्या. शंभर वर्षांनी त्यांच्या जागी चांगली घरे होत असतील तर ती झालीच पाहिजेत.

परंतु घर म्हणजेच वस्ती नव्हे. वस्ती घरांनी होते तशी ती दुकानांनीही होते. चाळीच्या तळमजल्यावर, नाक्यावर, जिन्याखाली, ओट्यावर आणि फुटपाथवर जी शेकडो लहान-मोठी दुकाने परळ, नायगाव, डिलाईल रोड, लालबाग आणि वरळीत होती, त्यांचे काय झाले? ती कुठे गेली? आणि ती गेल्याने नेमके कोणाचे काय गेले?

अलीकडे मुंबईच्या जुन्या दुकानांवर पुष्कळ लिहिले जाते. इराण्याचा ब्रून मस्का, संगमरवरी टेबले, काचेच्या बरण्या, मालकाची विक्षिप्त पाटी, असे सगळे रम्य वर्णन त्यात असते. या लेखनाशी आमचे भांडण नाही. पण त्यात दुकानाच्या आत बसून चहा पिणारा दिसतो. दुकानाबाहेर उभा असलेला दिसत नाही. आंबेडकरी माणसाने दुकानांची आठवण काढायची तर दोघांचीही काढली पाहिजे.

भोंग्यावर चालणारा बाजार

गिरणगावात पन्नासहून अधिक गिरण्या होत्या आणि ऐन भरात सुमारे अडीच लाख कामगार. कामगार तीन पाळ्यांत राबत, म्हणून बाजारही तीन पाळ्यांत चाले. पहाटे भोंगा वाजण्याआधी चहाची भट्टी पेटलेली असे आणि रात्रपाळी सुटली तरी पानाची गादी उघडी असे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले पुरुष एका खोलीत दहा-दहा, बारा-बारा राहत. त्यांचे जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईचे स्वयंपाकघरच. नवऱ्याचा पगार पुरेना, किंवा नवराच उरला नाही, म्हणून तिने चार माणसांचा डबा सुरू केला आणि पुढे त्याचे चाळीस डबे झाले. या बाईला सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्या बायकांसाठी बँकेच्या कर्जाचे दार उघडून घेतले. तारण ठेवायला सोने नाही, जमीन नाही. तारण एकच, तिच्या हाताची चव आणि तिच्याकडे जेवणाऱ्यांची संख्या.

या बाजाराचा कणा म्हणजे उधारीची वही. वाण्याकडे पैसे पगाराला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. संपाचे पहिले महिने कामगारांनी कशावर काढले? युनियनच्या निधीवर नव्हे. गावाकडून आलेल्या धान्यावर आणि वाण्याच्या, खानावळवालीच्या वहीवर काढले. संप मिटल्याची घोषणा कधीच झाली नाही, आणि त्या वह्यांतली बाकीही कधी वसूल झाली नाही. गिरणी कामगार देशोधडीला लागला हे इतिहासात नोंदले गेले. त्याच्यामागे त्याची खानावळवाली, त्याचा सलूनवाला आणि त्याचा कपडे इस्त्री करणारा उद्ध्वस्त झाला, याची नोंद कोणत्या कामगार खात्याने ठेवली? हे लोक कोणत्याच मस्टरवर नव्हते. त्यांना ग्रॅच्युइटी नव्हती, भरपाई नव्हती आणि पुढे गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीतही त्यांचे नाव नव्हते.

दुकान सर्वांचे नव्हते

पण थांबा. हा बाजार जातीपासून मुक्त होता काय? ज्या गिरणीत दोरा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला विणकाम खात्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्या गिरणीच्या दारातला बाजार सोवळा नसेल असे कोण म्हणेल? १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कामगार एक, मग विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी बंद का?

बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव तर दुकानाविषयीच आहे. बडोद्यातून अपमानित होऊन मुंबईला परतल्यावर, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळण्याआधी, त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठाचा अर्थशास्त्रज्ञ सल्ला देतो आहे म्हणून लोक येऊ लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले आणि व्यवसाय बंद पडला. जगातल्या नामवंत विद्यापीठाची पदवी असूनही मुंबईच्या बाजारात त्यांचे दुकान चालू दिले गेले नाही. यावरून समाजाने एवढे तरी शिकावे की बाजार आपोआप कोणालाही समान वागवत नाही. त्याला तसे वागायला भाग पाडावे लागते.

आणि बाबासाहेबांनी भाग पाडले. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. दुकान या शब्दात काय काय येते, केशकर्तनालय येते काय, असे प्रश्न सभागृहात आले. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा : जो कोणी आपली सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही ती देण्यास तयार असतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. केवळ आत शिरण्यापुरता हा शब्द नाही; ठरलेल्या मोबदल्यात सेवा मिळण्याचा हक्क त्यात आहे.

वाचकहो, या व्याख्येकडे नीट पहा. दुकानाची ही व्याख्या चार भिंती आणि शटर यांवर उभी नाही. ती सेवा देणाऱ्या आणि सेवा मागणाऱ्या माणसांवर उभी आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाच्या एका प्रकरणात, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात, बाबासाहेबांच्या याच उत्तराचा आधार घेऊन दुकान या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. उलट २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा कायम केली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की आजच्या शहराचे चित्र स्पष्ट होते. घराच्या सोसायटीचे दार बंद ठेवता येते. दुकानाचे दार ठेवता येत नाही. म्हणजे एखाद्या वस्तीतून दुकाने उठली आणि तिथे फक्त गेट असलेल्या सोसायट्या उरल्या, तर घटनेने सर्वांसाठी उघडी ठेवलेली दारेच त्या वस्तीतून कमी झाली. हरवलेल्या दुकानांचा प्रश्न आमच्यासाठी या कारणाने जिव्हाळ्याचा आहे.

आमची दुकाने

घटनेने दार उघडले आणि आमच्या माणसांनी स्वतःही दुकाने मांडली. ती कोणती होती? फोटो फ्रेमवाला, ज्याच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी लावलेले असत. जयंतीची हँडबिले आणि लग्नपत्रिका छापणारा छोटा ट्रेडल प्रेस. भीमगीतांच्या कॅसेटचे दुकान. घडीच्या टेबलावरचा पुस्तकांचा स्टॉल, ज्यावर दहा रुपयांत बावीस प्रतिज्ञा आणि चरित्राची पुस्तिका मिळे. गटई कामगाराचा पत्र्याचा स्टॉल. बँडवाला. सायकल दुरुस्तीवाला. आणि सलून. गावात न्हावी हात लावत नव्हता म्हणून ज्याच्या आज्याने घरच्या कात्रीने केस कापून घेतले, त्याचा नातू शहरात आरशासमोरच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीचे मोल जुन्या दुकानांचे रम्य वर्णन करणाऱ्यांना कसे कळणार?

या दुकानांत विक्रीइतकेच दुसरे कामही चाले. वर्तमानपत्र एकच, ते दहा जण वाचत. ज्याला वाचता येत नसे त्याला कोणीतरी वाचून दाखवी. नोकरीची जाहिरात, जात पडताळणीचा कागद कुठे मिळतो, कोणत्या वसतिगृहात जागा आहे, मोर्चा किती वाजता निघणार, हे सगळे तिथे कळे. गावाहून प्रथमच आलेल्या पोराला पत्ता म्हणून दुकानाचेच नाव दिलेले असे. बाबासाहेब परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहत आणि त्यांचे कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्ये होते. वकिलाचे कार्यालयही सेवा मागणाऱ्यासाठी उघडे असते. बाबासाहेबांच्याच व्याख्येने पाहिले तर तेही एक दुकानच, आणि त्या दारातून एक चळवळ बाहेर पडली.

चळवळ आणि छापखाना यांचे नाते तर सांगायला नको. दादरच्या आंबेडकर भवनाची वास्तू आणि तिथला बुद्धभूषण प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटेच्या अंधारात पाडण्यात आला. १९ जुलैला मुंबईत पावसात निघालेल्या विराट मोर्चाने त्याचा जाब विचारला. बुद्धभूषण प्रेससाठी मोर्चा निघाला, कारण त्याच्यामागे बाबासाहेबांचे नाव होते. ज्या शेकडो लहान दुकानांमागे असे नाव नव्हते, त्यांच्यासाठी कोण निघणार?

वयाने गेली आणि कागदाने गेली

येथे प्रामाणिकपणे एक भेद केला पाहिजे. सगळीच दुकाने कोणी मारली असे नाही. कॅसेट गेली म्हणून कॅसेटवाला गेला. मोबाईल आला म्हणून एस.टी.डी. बूथ गेला. गॅस घरोघर पोचल्यावर रॉकेलची रांग संपली, आणि ती संपली हे चांगलेच झाले. काही दुकाने तर आमच्या यशामुळे बंद झाली. गटई स्टॉलवाल्याची मुलगी शिक्षिका झाली, फ्रेमवाल्याचा मुलगा बँकेत लागला; त्यांनी बापाचा धंदा पुढे चालवावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. बापाचा धंदा मुलाने करणे हा तर जातिव्यवस्थेचा नियम. तो मोडावा म्हणून तर सारी लढाई. अशी बंद झालेली दुकाने ही चळवळीची मिळकत आहे.

परंतु जी दुकाने चालत होती, ज्यांना गिऱ्हाईक होते, ज्यांच्यावर घर चालत होते, ती का गेली? ती कागदाने मारली.

आधी जमिनीचा कागद. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते. एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उलटवला. गिरणीच्या जागी मॉल आणि टॉवर आले. मॉलमध्येही दुकाने आहेत, नाही असे नाही. पण तिथल्या गाळ्याचे भाडे खानावळवालीच्या वर्षाच्या कमाईत बसणारे नाही.

दुसरा कागद पुनर्विकासाचा. जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी नियम ३३(७) आहे. त्यात राहणाऱ्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची हमी आहे. खोली शंभर फुटांची असली तरी घर तीनशेचे मिळते. दुकानदाराला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र दुकानदाराला जुन्या जागेइतकी, पण २२५ चौरस फुटांपेक्षा अधिक नाही. घर वाढते, दुकान वाढत नाही. साठ फुटांच्या गाळ्याला नव्या इमारतीत साठच फूट मिळणार आणि वर देखभाल खर्च नव्या दराने भरावा लागणार. मग तो गाळा विकण्यावाचून किंवा भाड्याने देण्यावाचून पर्याय काय?

आणि हे झाले ज्याच्याकडे कागद आहे त्याचे. ज्याच्याकडे नाही त्याचे काय? गिरणगावातील कितीतरी दुकाने मूळ भाडेकरूची नव्हतीच. भाडेकरू एक, धंदा करणारा दुसरा. कंडक्टिंगवर चालवायला घेतलेला गाळा, तोंडी बोलीवर दिलेली अर्धी फळी, जिन्याखालची जागा, ओट्यावरची शिलाई मशीन. वीस-पंचवीस वर्षे धंदा केला, पण पावती दुसऱ्याच्या नावाची. इमारत पाडायची वेळ येते तेव्हा गाळा पावतीवाल्याला मिळतो आणि धंदा करणारा रस्त्यावर येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ने कलम ५६ अन्वये पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता दिली. पण पागडी द्यायला पैसा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना जमीन नव्हती, सोने नव्हते आणि बाजारात पत नव्हती, त्यांनी पागडी कुठून द्यायची? म्हणून जिन्याखाली आणि ओट्यावर कोण होते आणि नाक्यावरच्या मोठ्या गाळ्यात कोण होते, हे एकदा तपासून पहा. शहरात जात दिसत नाही असे म्हणणाऱ्यांना ती भाडेपावतीवर दिसेल.

फुटपाथवरच्या दुकानाची कथा तीच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवू नये असे सांगितले. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असे सांगितले. पन्नास वर्षांहून जुना बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करून तो हलवू नये, अशीही तरतूद त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. गिरणगावातील कोणत्या जुन्या बाजारासाठी आपण ही तरतूद लेखी मागितली? कायदा कपाटात झोपला असेल तर त्याला उठवण्याचे काम पीडितालाच करावे लागते, दुसरा कोणी करत नाही.

आता काय करायचे?

हळहळ व्यक्त करून आम्ही थांबणार नाही. वकिलीत आमच्यापुढे येणाऱ्या कागदांवरून काही गोष्टी समाजापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, जिथे पुनर्विकास अजून व्हायचा आहे तिथे दुकानदारांनी आजच कागद जमवावेत. गुमास्ता परवाना, वीजबिल, खाद्य परवाना, मालाच्या जुन्या पावत्या, बँकेचे पासबुक, सगळे. लक्षात ठेवा, २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. सोय झाली असे समजून ती सूचना द्यायलाच विसरू नका. उद्या धंद्याचा पुरावा म्हणून तोच कागद लागेल.

दुसरी गोष्ट, वारसाची. दुकानाची भाडेकरी बाप गेल्यावर आपोआप सगळ्या मुलांकडे जात नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क कायदा आधी पाहतो. बायको गल्ल्यावर बसत असेल, मुलगी हिशेब लिहीत असेल, तर त्यांचे नाव कागदावर आणा. बाईच्या श्रमावर दुकान चालते आणि हक्काच्या वेळी तिचे नाव नसते, हे आपल्या घरातही घडते. ते आधी बंद करू या.

तिसरी गोष्ट, सर्वेक्षणाची. सर्वेक्षणाला माणसे येतात तेव्हा रहिवाशांची समिती फक्त खोल्या मोजून घेते. ओट्यावरचा, जिन्याखालचा आणि चालवायला घेतलेला, या तिघांचीही नोंद समितीने ठरावासह करून घ्यावी. ठराव करायला पैसा लागत नाही. शेजाऱ्याची आठवण ठेवावी लागते.

चौथी मागणी शासनाकडे. सरकारी जमिनीवरच्या पुनर्वसन इमारतींत तळमजल्याचे काही लहान गाळे त्या वस्तीत धंदा करणाऱ्यांसाठी, खानावळ चालवणाऱ्या महिलांसाठी आणि गटई कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याने राखून ठेवावेत. ते विकता येणार नाहीत अशी अट घालावी. बी.डी.डी. चाळी शासनाच्याच मालकीच्या आहेत. तिथे हे करता आले नाही तर ते कुठे करता येणार?

शेवटची गोष्ट आपल्या तरुणांसाठी. आपल्या वस्तीतील बंद पडलेल्या दुकानांची एक वही करा. दुकान कोणते, कोण चालवत होते, कधी सुरू झाले, का बंद पडले. वयाने गेले की कागदाने? वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. ही वही आठवणींच्या समारंभासाठी करायची नाही. उद्या एखाद्या सुनावणीत कोणी म्हणेल की येथे तुमचे काही नव्हतेच, तेव्हा ती वही टेबलावर ठेवायची आहे.

चाळीस मजल्यांच्या इमारतीत आमची माणसे राहायला जात आहेत, त्यांनी खुशाल वर जावे. पण लिफ्टने खाली उतरल्यावर तळमजल्यावर आपल्या माणसाचे एकही दुकान नसेल, असेल तो फक्त गेटवर नाव विचारणारा वॉचमन, तर वर चढलो कशासाठी याचा विचार करावा लागेल. बाबासाहेबांनी दुकान हा शब्द घटनेत घातला तो सेवेचे दार सर्वांसाठी उघडे राहावे म्हणून. त्या दाराच्या आत गल्ल्यावरही आमचा माणूस बसलेला असावा, एवढे पाहणे आता आपले काम आहे.

जयभीम!